"युनिकोड चालत नाही" सांगून पुस्तिकेच्या छपाईत कसं फसवलं

आईच्या पंचाहत्तरीला तिच्या रेसिपींची पुस्तिका छापून नातेवाइकांना द्यायची असं आम्ही भावंडांनी ठरवलं. ए-फाइव्ह साइझ, कव्हरसकट ३२ पानं, सेंटर पिन, २०० प्रती. (पिन मारायची तर पानं ४ च्या पटीतच लागतात, म्हणून दोन रेसिपी जास्तीच्या घेतल्या.) लेआउट मी घरीच स्क्राइबस या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये केला. ते फुकट आहे, आणि १.६ पासून मराठी जोडाक्षरं नीट येतात, जुन्या १.४ मध्ये सगळी तुटायची. मुक्ता हा युनिकोड फॉन्ट (युनिकोड म्हणजे मोबाइल-कॉम्प्युटरवर सगळीकडे चालणारी मराठी अक्षरांची पद्धत), चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जास्तीची कड), फॉन्ट फाइलमध्येच एम्बेड करून पीडीएफ काढली, महिनाभर रात्री जागून केलंय हे सगळं.

पुण्यातल्या एका प्रेसवाल्याकडे गेले. आतली पानं ९० जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) मॅपलिथो, म्हणजे साधा बिनचकाकीचा कागद, कव्हर २५० आर्ट कार्ड, तोंडी रेट ठरला, अॅडव्हान्स दिला. चार दिवसांनी फोन, "ताई, तुमची फाइल मशीन घेतच नाही, हे फुकटातलं सॉफ्टवेअर आहे, युनिकोड चालत नाही, सगळं श्रीलिपीत परत बसवायला लागेल, पानाला दीडशे." म्हणजे ४८०० रुपये! (श्रीलिपी म्हणजे प्रेसमध्ये वापरतात ते मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, त्याचे फॉन्ट वेगळे.) कार्यक्रम आठ दिवसांवर, मी घाबरले आणि हो म्हणाले. दोन दिवसांनी त्याने व्हॉट्सअॅपवर "नवीन" पीडीएफ प्रूफ म्हणून, म्हणजे छापायच्या आधी तपासायला पाठवली, मी मोबाइलवरच वाचली आणि ओके केली.

कार्यक्रम झाल्यावर तीच फाइल कॉम्प्युटरवर उघडली. प्रॉपर्टीजमध्ये बघते तर बनवणारं सॉफ्टवेअर स्क्राइबस, फॉन्टच्या यादीत फक्त मुक्ता, आणि तारीख-वेळ मी पीडीएफ काढली त्याच रात्रीची, १ वाजून ४० मिनिटं. श्रीलिपीत बसवलं असतं तर यातलं काहीच जसंच्या तसं राहिलं नसतं. माझीच फाइल मला विकली होती त्याने. तुमच्या प्रूफची पीडीएफ आली की ओके म्हणायच्या आधी एवढं तरी उघडून बघा, एक मिनिट लागतं.

मग कागदाचाही संशय आला. हातात घेतल्यावर मागच्या पानाची अक्षरं दिसत होती. एका प्रतीच्या पिना काढल्या, कव्हर बाजूला ठेवलं आणि आतले कागद किचनच्या काट्यावर टाकले. आतली २८ पानं म्हणजे ए-फाइव्हचे १४ कागद, ९० जीएसएमला साधारण ३९ ग्रॅम भरायला हवेत. भरले ३०. म्हणजे ७० चा कागद लावला आणि पैसे ९० चे घेतले.

हे सगळं घेऊन गेले तर म्हणाला "मिलमधून कागद असाच येतो", आणि डीटीपीचं, म्हणजे पानं परत बसवण्याचं, तर बोलणंच टाळलं. कोटेशन लेखी नव्हतं, बिलावर नुसतं "पुस्तिका छपाई" आणि रक्कम, जीएसएम नाही की डीटीपी नाही. पैसे गेले ते गेलेच. बिलावर कागदाचं वजन आणि "फाइल ग्राहकाची" हे दोन शब्द लिहून घेतले असते तर त्याला तोंड उघडायला जागा राहिली नसती.

मामाकडच्यांना प्रती कमी पडल्या म्हणून गेल्या आठवड्यात आणखी ५० काढल्या, दुसऱ्या प्रेसमधून. तिथे तीच पीडीएफ दिली, पोराने माझ्यासमोर उघडली, ब्लीड बघितलं आणि लावली मशीनला. डीटीपीचा एक रुपयाही घेतला नाही. घरी आणून आतले कागद काट्यावर टाकले, ३९ ग्रॅम.