पत्र टाईप करायला गेले होते, पत्र लिहायला शिकून आले

मी गावातल्या 'ड' वर्ग वाचनालयाची ग्रंथपाल. 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, जिल्हाधिकारी मॅडमना आमच्या अभ्यासिकेतल्या मुलांशी बोलायला बोलवायचं होतं. पत्र टाईप करून घ्यायला कलेक्टर कचेरीच्या मागच्या फाटकासमोरच्या, दोन झेरॉक्सवाल्यांच्या मधल्या टायपिंगच्या दुकानात गेले. ज्यांना कुणा अधिकाऱ्याला पत्र द्यायचंय त्यांच्यासाठी हा अनुभव लिहितेय.

मी घरून मजकूर लिहून नेला होता. 'आपल्यासारख्या कर्तव्यदक्ष, धडाडीच्या व अभ्यासू अधिकारी आमच्या जिल्ह्याला लाभल्या हे आमचे परमभाग्य' अशी सुरुवात, मग वाचनालयाचा स्थापनेपासूनचा इतिहास, आणि दुसऱ्या पानाच्या शेवटी निमंत्रण. दुकानातल्या टायपिस्ट काकांनी दोन्ही पानं शांतपणे वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "ताई, त्यांनी येऊन नक्की काय करायचं?"

मी म्हटलं, मार्गदर्शन. ते म्हणाले, "मार्गदर्शनाला सगळेच बोलावतात. तुमच्या मुलांना काय हवंय?"

मग मी मुलांबद्दल बोलत सुटले. पहाटे पाचला कुलूप उघडलं की अठरा मुलं-मुली येऊन बसतात. निम्म्यांना कलेक्टर व्हायचंय, पण कलेक्टर दिवसभर काय काम करतो हे एकालाही सांगता येत नाही. काका ऐकता ऐकता टाईप करत होते. पत्राची पहिली ओळ तीच झाली: 'आमच्या अभ्यासिकेत रोज पहाटे पाच वाजता अठरा मुले-मुली अभ्यासाला येतात. त्यांतील निम्म्यांना जिल्हाधिकारी व्हायचे आहे. परंतु जिल्हाधिकाऱ्यांचा एक दिवस कसा असतो, हे त्यांनी कोणाकडूनही ऐकलेले नाही.' खाली विनंती: भाषण नको, वीस मिनिटं आपल्या कामाच्या एका दिवसाविषयी बोलावे आणि वीस मिनिटं मुलांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. सत्कार, हार-तुरे, दीपप्रज्वलन काही ठेवलेले नाही, हेही त्यांनी लिहायला लावलं. ती ओळ वाचताना मला आमच्या अध्यक्षांचा चेहरा दिसत होता, पण काकांचं पटलं. सगळं एका पानात बसलं.

पर्यायी तारीख त्यांनीच विचारली. 2024 साली आम्ही एका अधिकाऱ्यांना याच दिवशी बोलावलं होतं. खुर्च्या मांडून झाल्या आणि त्याच दिवशी विधानसभेची आचारसंहिता लागली. कार्यक्रम राहिला, मुलं तशीच घरी गेली. ते ऐकून काकांनी 11 ऑक्टोबर, शनिवार ही दुसरी तारीख घातली. महिन्याचा पहिला सोमवार कधीच मागू नका, तो जिल्ह्याच्या लोकशाही दिनाचा असतो, हेही सांगितलं. पत्राच्या दोन प्रती काढल्या. एक टपाल शाखेत द्यायची, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेऊन ती पोच म्हणून जपायची, आणि तोच क्रमांक घेऊन दोन दिवसांनी स्वीय सहायकांना भेटायचं. इतकं नीट मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

या सगळ्याचे त्यांनी साठ रुपये घेतले. चार वेळा दुरुस्ती केली, तिचे वेगळे पैसे नाहीत.

एक मोठी अडचण मात्र आली. काका जुन्या फॉन्टमध्ये टाईप करतात. कागदावर पत्र सुरेख दिसतं, पण तीच फाईल मी ईमेलने पाठवली तेव्हा कचेरीतल्या संगणकावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला उघडला. तिथून फोन आला तेव्हा मला फार वाईट वाटलं. इतक्या जिवाने लिहिलेलं पत्र कुणाला वाचताच येत नव्हतं. पुन्हा एसटीने सव्वा तास जाऊन युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी वाचता येईल अशा पद्धतीत, करून आणलं, तर त्यात 'अधिकाऱ्यांचा' मधला 'ऱ्या' तुटलेला आणि 'श्री'चा 'श' सुटा पडलेला. ते घरी बसून मी दुरुस्त केलं. सरकारी कचेऱ्यांत आता युनिकोडच चालतं. कचेरीसमोरच्या दुकानाने हे इतक्या वर्षांत शिकून घ्यायला हवं होतं, आणि मी ते काकांना तोंडावर सांगितलंही. त्यांनी मान्य केलं.

नवव्या दिवशी स्वीय सहायकांचा फोन आला. 11 तारीख, सकाळी साडेअकरा, चाळीस मिनिटं. मॅडम आल्या, सतरंजीवर मुलांच्या समोर बसल्या, आणि प्रश्न संपेनात म्हणून सव्वा तास थांबल्या. बारावीतल्या एका मुलीने विचारलं, "तुम्हाला कुणाला नाही म्हणताना भीती वाटते का?" त्यावर त्या बराच वेळ बोलल्या.

दुकानात जाणार असाल तर सोमवार टाळा, अर्जदारांची रांग फाटकापर्यंत जाते. बसायला एकच स्टूल आहे आणि दुपारी तिथे थेट ऊन येतं, म्हणून अकराच्या आत जा. पेन ड्राइव्ह घेऊन जा आणि युनिकोडची फाईल तिथेच उघडून वाचून घ्या. शनिवार-रविवार कचेरीबरोबर दुकानही बंद असतं.