पावसाळी गोव्यात जॉर्ज फॉर्म्बीचं बँजोलेले: काय घ्यावं, काय बदलावं

दुकानात नुसतं ‘बेंजो’ मागितलं तर समोर बटणांचं बुलबुल तरंग येतं, मिरवणुकीतलं. इथे परीक्षण आहे ते बँजोलेलेचं: युकुलेलेची दांडी, चार नायलॉनच्या तारा आणि खाली खंजिरीसारखं मढवलेलं गोल कडं. हौशी रंगमंचावर विनोदी गाणी म्हणणाऱ्यांना इंग्लिश विनोदी गायक जॉर्ज फॉर्म्बीचा बाज हवा असेल, तर लाकडी युकुलेलेवर भागवू नये. त्याचा आवाज गोड असतो आणि लांबतो. फॉर्म्बीच्या वाद्याचा आवाज कोरडा, टणक असतो आणि लगेच तुटतो. शब्दांना मोकळी जागा त्यामुळेच मिळते.

फॉर्म्बी 1904 साली विगनमध्ये जन्मला. मूळ नाव जॉर्ज हॉय बूथ. वडीलही म्युझिक हॉलचे (गाणी आणि विनोदाच्या रंगमंचाचे) नावाजलेले विनोदवीर. मुलगा आधी घोड्यांच्या शर्यतीत जॉकी झाला आणि 1921 मध्ये वडील गेल्यावर रंगमंचावर आला. 1924 मध्ये नर्तकी बेरिल इंगमशी लग्न झालं आणि पुढे त्याचा सगळा कारभार तिनंच पाहिला. इंग्लंडच्या व्हरायटीत, म्हणजे अनेक कलाकारांच्या मिश्र कार्यक्रमात, एकेका कलाकाराला थोडाच वेळ मिळे. कथानकाशी नातं नसलेलं गाणं येऊन सभागृह जिंकून जाणं म्हणजे काय, हे तियात्रातली (कोंकणी नाटकातली) कांतारां, म्हणजे गाणी, ऐकणाऱ्या गोवेकराला समजावून सांगावं लागत नाही. खिडक्या पुसणाऱ्या माणसाचं त्याचं गाणं चावट म्हणून बीबीसीनं वाजवायचं नाकारलं होतं. तरी ते लोकांच्या तोंडी राहिलं, कारण गाणारा चेहरा निरागस आणि उजवा हात विलक्षण होता. बेरिल 1960 च्या नाताळच्या आदल्या दिवशी गेली आणि तो 6 मार्च 1961 ला.

तो उजवा हात म्हणजे ‘स्प्लिट स्ट्रोक’. साध्या रूपात तीन हालचाली: तर्जनीच्या नखानं चारही तारांवरून खाली, परत येताना फक्त पहिली तार, मग खाली फक्त चौथी. आठ मात्रांत हे तीनाचं तुकडं दोनदा बसतं आणि उरलेल्या दोन मात्रांत साधा खाली-वर. 3-3-2 हे वजन तबल्याची सवय असलेल्याला लवकर पकडता येतं. चूक होते ती बहुधा मनगट ताठ ठेवल्यानं. हात कोपरातून हलला की वेग वाढवताना पहिली तार निसटते. आधी डाव्या हातानं तारा दाबून मुक्या ठेवाव्यात, फक्त ठेका पक्का करावा, सूर नंतर.

आता वाद्याकडे. कडं 8 इंची घ्यावं. त्याहून लहान कड्यांचा आवाज माइकशिवाय पुरत नाही. मागे रेझोनेटरची थाळी असेल तर आवाज थेट प्रेक्षकांकडे जातो, पण वजन वाढतं. उभं राहून नाचत गाणाऱ्यानं पट्टा लावल्याशिवाय रेझोनेटरच्या नादी लागू नये.

गोव्यात खरा प्रश्न कातडीचा. चवथीच्या आरतीत घुमट (मातीचं चर्मवाद्य) सैल पडलं की ते तापवून घेतात, तोच ओलावा इथेही त्रास देतो. वासराचं कातडं पावसात पाणी ओढतं, खाली दबतं, त्यासोबत तारा पेलणारी घोडी खाली येते आणि तारा फ्रेटला (दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांना) घासून खरखरतात. तेव्हा कातडं ताणणारे कड्याभोवतीचे नट आवळले आणि मग वातानुकूलित सभागृहात किंवा डिसेंबरच्या कोरड्या हवेत वाद्य नेलं, तर तेच कातडं आकसून फाटतं. घुमटासारखं हे विस्तवाशी धरायचं नाही, कड्याचे सांधे सुटतात. म्हणून कातड्याऐवजी कड्यावर प्लॅस्टिकचंच (पॉलिएस्टरचं) कव्हर मढवलेलं घ्यावं. कातड्याची ऊब त्यात नाही हे मान्य, पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत वाजणारं वाद्य तेच.

ताणताना एकेक नट पूर्ण आवळत जाऊ नये. समोरासमोरच्या जोड्या घ्याव्यात, दर वेळी पाव फेरा. एका बाजूला ताण जास्त झाला तर कडं वाकडं होतं आणि तो बिघाड सहसा सुधारत नाही.

घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर उभी असते. नवीन वाद्य बहुतेक वेळा इथेच बेसूर लागतं आणि दोष कारागिराच्या माथी जातो. बाराव्या फ्रेटवर बोट हलकं ठेवून हार्मोनिक (तार न दाबता निघणारा सूर) ऐकावा, मग तीच तार तिथेच दाबून वाजवावी. दाबलेला सूर चढा आला तर घोडी मागे, शेपटीकडे सरकवावी. उतरला तर दांडीकडे. जागा सापडली की पेन्सिलीनं बारीक खूण.

तारा सा-प लावायच्या नाहीत. चौथ्या तारेपासून पहिलीपर्यंत जी, सी, ई, ए लावायच्या, आणि चौथ्या तारेचा जी वरच्या सप्तकातला. तो खाली उतरवला तर स्प्लिट स्ट्रोकमधला चमकदार ठसका जातो. पोलादी तारा लावूच नयेत, दांडी वाकते.

खुंट्या साध्या घर्षणाच्या असतील तर टोकाचा स्क्रू थोडा आवळावा, नाहीतर प्रत्येक गाण्यानंतर सूर उतरतो. फॉर्म्बीनं वेगवेगळ्या पट्ट्यांसाठी वेगवेगळी वाद्यं आधीच लावून ठेवली होती. एकच वाद्य असणाऱ्यानं दोन गाण्यांची पट्टी एकच ठेवावी.

समुद्राच्या खाऱ्या हवेनं आकडे आणि नट गंजतात. वाजवून झालं की कोरड्या फडक्यानं पुसावं, पेचांवर शिलाई मशीनच्या तेलाचा एखादाच थेंब, तोही कव्हरला न लागता. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि ती महिन्याला बदलावी.

माइक असेल तर कड्याच्या आत, कव्हरच्या मागे रुमालाची लहान घडी हलकेच टेकवावी. फीडबॅकची शिट्टी तिथेच बसते. वातानुकूलित सभागृहात निदान अर्धा तास आधी वाद्य पेटीबाहेर काढून ठेवावं आणि त्यानंतरच सूर लावावेत.