गिल्गमेश की ग्रिम? कथापरंपरांच्या पुस्तकांची झाडाझडती

‘जगभरच्या दंतकथा’ छापाची जाडजूड, सोनेरी कडांची पुस्तकं भेट द्यायला बरी, वाचायला कुचकामी. चाळीसेक परंपरा, प्रत्येकीच्या वाट्याला सातआठ पानं, आणि सगळे देव एकाच संपादकाच्या आवाजात बोलणार. स्वतःसाठी वाचायचं तर परंपरा एकच घ्यावी. घेताना दोन गोष्टी बघाव्यात: आपण का वाचतोय, आणि कथा कागदावर कोणी, कधी उतरवली. पहिलं चुकलं तर कंटाळा येतो. दुसरं चुकलं तर कालपरवाच्या लेखकाचं म्हणणं आपण प्राचीन शहाणपण म्हणून उराशी धरतो.

जवळचं कोणी गेलं असेल आणि सांत्वनाची गोडगोड पुस्तकं नकोशी झाली असतील, तर गिल्गमेश, म्हणजे प्राचीन मेसोपोटेमियाचं (आजच्या इराककडचं) महाकाव्य. जिवलग मित्र एन्किडू मेल्यावर राजा गिल्गमेश सहा दिवस, सात रात्री त्याचं प्रेत पुरू देत नाही. नाकातून अळी गळून पडते तेव्हा कुठे सोडतो. मात्र आवृत्ती पारखून घ्यावी. प्रमाण मानलेला अक्कादी (तिथल्या जुन्या भाषेतला) पाठ १२ मातीच्या पाट्यांवर आहे आणि जागोजाग फुटलेला आहे. प्रामाणिक भाषांतर तुटलेल्या जागी कंस किंवा टिंबं ठेवतं. मजकूर सुरुवातीपासून शेवटपर्यंत गुळगुळीत वाहत असेल, तर भर भाषांतरकाराने पदरची घातली आहे असं समजावं. दुसरी मेख सिदुरीची, म्हणजे गिल्गमेशला वाटेत भेटणाऱ्या मद्यशाळेवालीची. पोटभर खा, नाच, हात धरणाऱ्या लेकराकडे बघ, हा तिचा गाजलेला उपदेश जुन्या बाबिलोनी पाठात आहे, प्रमाण पाठात नाही. काही पुस्तकं काही न सांगता तो मधे चिकटवतात. आणि ११वी पाटी संपली की खुशाल थांबावं. १२वीत एन्किडू पुन्हा जिवंत भेटतो, कारण ती पाटी म्हणजे एका वेगळ्या सुमेरी कवितेच्या भागाचं भाषांतर आहे. हे माहीत नसलं की वाचक पानं उलटून आपलंच काय चुकलं ते शोधत बसतो.

फिनलंडच्या ‘कालेवाला’ या महाकाव्याबद्दल मत जरा विभागलेलं. एलियास लोनरोटने फिनलंड-करेलियातली गाणी गोळा केली, स्वतःच्या हाताने ओवली आणि १८३५ मध्ये छापली. आज चालते ती १८४९ ची, ५० सर्गांची, २२,७९५ ओळींची आवृत्ती. म्हणजे गाणी लोकांची, पण हार लोनरोटचा. मनातल्या मनात वाचली तर पुनरुक्तीने जीव जातो, मोठ्याने वाचली तर तीच पुनरुक्ती ताल धरते. सगळी वाचायचा हट्ट नको. १५वा सर्ग आधी घ्यावा: मेलेल्या लेम्मिन्काइनेनची आई लांब दांताळं घेऊन नदीत उतरते, लेकाचे तुकडे ओढून काढते आणि जोडत बसते. इथे मन लागलं, तर ३१ ते ३६ हे कुल्लेर्वो या अभागी तरुणाचे सर्ग सलग वाचता येतात.

नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या, कथांकडे लोक चित्रपट बघून वळतात आणि थेट पद्य एड्डा, म्हणजे देववीरांवरच्या जुन्या कवितांचा संग्रह, उघडतात. तिथेच फसतात, कारण कवी गृहीत धरतो की तुम्हाला सगळे देव ठाऊक आहेत. आधी आइसलंडच्या स्नोरीचा गद्य एड्डा, त्यातलं देवांच्या गोष्टी सांगणारं ‘गिल्फागिन्निंग’, मग पद्य. फक्त एक भान ठेवावं: स्नोरी १३व्या शतकातला ख्रिस्ती माणूस, आणि पुस्तक लिहिलं कवींना जुनी रूपकं कळावीत म्हणून. जुन्या श्रद्धेचा ग्रंथ म्हणून ते हाती घेणाऱ्याची निराशा होणार.

जर्मन ग्रिम बंधूंच्या लोककथांची तर दोन वेगळी पुस्तकंच धरावीत. १८१२ च्या पहिल्या खंडात रापुन्झेल विचारते, माझे कपडे घट्ट का होऊ लागलेत? (म्हणजे तिला दिवस गेलेत.) पुढच्या आवृत्त्यांत हा प्रश्न गायब. स्नो व्हाइटचा जीव घ्यायला निघालेली बाई मुळात सख्खी आई होती, १८१९ मध्ये सावत्र झाली. लहान मुलांना वाचून दाखवायला १८५७ ची शेवटची आवृत्ती, तीही निवडून. स्वतःच्या घरातली जुनी भीती तपासायची असेल तर पहिली. मुखपृष्ठावर ‘संपूर्ण’ असतं, पण कोणत्या सालची ते प्रस्तावनेतच सापडतं. तिथेही नसेल तर पुस्तक परत ठेवावं.

झोपेआधीच्या दहा मिनिटांसाठी मात्र सोमदेवाच्या कथासरित्सागराला तोड नाही. पूर्ण ग्रंथ १८ लंबकांचा (मोठ्या विभागांचा), गोष्टीत गोष्ट, तिच्यात तिसरी. पहिल्या लंबकापासून निघालेला वाचक कोण कोणाला सांगतंय यातच हरवतो. म्हणून सुरुवात १२व्या लंबकातल्या वेताळाच्या २५ गोष्टींपासून. रोज एक. वेताळाने प्रश्न टाकला की राजाचं उत्तर वाचण्याआधी पुस्तक मिटून दिवा घालवावा.