म्युनिकचा करार धुडकावला असता तर : युद्धकादंबरीत तिसरे सैन्य कोणते घ्यावे?

३० सप्टेंबर १९३८ रोजी चेकोस्लोव्हाकियाने आपला जर्मनभाषक सीमाप्रदेश जर्मनीला देणाऱ्या म्युनिक करारापुढे मान न तुकवता लढाई पत्करली, या कल्पनेवर कादंबरी रचणाऱ्याला चेकोस्लोव्हाक आणि जर्मन सैन्ये घ्यावीच लागतात. निवड करायची असते ती तिसऱ्या सैन्याची.

चेकोस्लोव्हाक सैन्य मात्र आधी नीट समजून घ्यावे. २३ सप्टेंबरच्या जमवाजमवीनंतर दहा लाखांहून अधिक माणसे शस्त्राखाली होती आणि जर्मन सीमेवर काँक्रीटची तटबंदी उभी राहत होती. पण मार्चमध्ये ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झाल्याने दक्षिणेची बाजू उघडी पडली होती. शिवाय देशात तीस लाखांवर जर्मनभाषक राहत होते, आणि त्यांच्यातला एखादा सैनिक कथेत हवाच असे मला वाटते. रणगाडा दाखवायचा तर तो एलटी ३५ असावा, कारण एलटी ३८ तेव्हा सैन्याच्या हाती आलेला नव्हता.

सोव्हिएत सैन्याचा मोह त्याच्या आकारामुळे पडतो. परंतु चेकोस्लोव्हाकियाशी झालेल्या १९३५ च्या करारानुसार फ्रान्सने आधी मदत केली तरच सोव्हिएत संघ बांधील होता, दोन्ही देशांची सीमा एकमेकींना भिडत नव्हती आणि वाट पोलंड किंवा रुमानियातूनच जात होती. म्हणजे लाल सेना आणण्यासाठी आणखी एक ‘जर’ रचावा लागतो, आणि दोन ‘जर’ एका कथेला क्वचितच पेलतात.

फ्रान्स घेतल्यास जर्मनीची अपुरी पश्चिम तटबंदी कामी येते, मात्र युद्ध साऱ्या युरोपचे होऊन बोहेमियाची, म्हणजे चेकोस्लोव्हाकियाच्या पश्चिम भागातली, आघाडी मागे पडते. विस्तृत पट हवा असणाऱ्यानेच ही वाट धरावी. हंगेरीचे सैन्य पहिल्या महायुद्धानंतरच्या ट्रायनॉन तहाच्या बंधनांतून नुकतेच सुटू लागले होते, त्यामुळे त्याला दुय्यम स्थान पुरे.

माझा कौल पोलंडला आहे. पोलंडने ३० सप्टेंबरच्या रात्री चेकोस्लोव्हाकियाच्या ताब्यातील टेशेन या सीमाभागासाठी निर्वाणीचा इशारा दिला आणि २ ऑक्टोबरपासून तो प्रदेश घ्यायला सुरुवात केली. तरीही १९२१ पासून तो फ्रान्सचा मित्र होता, आणि चेकोस्लोव्हाकियात सैन्य घुसवल्यास आपसातला अनाक्रमण करार रद्द होईल, असे सोव्हिएत संघाने त्याला २३ सप्टेंबरलाच बजावले होते. फ्रान्स लढाईत उतरला, तर टेशेनच्या वेशीवर उभ्या पोलिश सेनापतीला स्वतःच्याच मित्राच्या मित्रावर गोळी झाडावी लागते. असा पेच इतर कोणतेही सैन्य कथेला देत नाही.

त्यासाठी आरंभाची तारीख जपून ठरवावी. हिटलरने हल्ल्याची तयारी १ ऑक्टोबरपर्यंत पूर्ण करण्याचा आदेश दिला होता. पहिली तोफ त्याआधी एक दिवस, ३० सप्टेंबरच्या रात्रीपूर्वीच धडाडली, तर पोलंडचा इशारा अजून निघालेला नसतो आणि वॉर्साचा निर्णय लेखकाच्या हाती राहतो.