मॅक्रो लेन्स घेताय? आधी स्टीलच्या पट्टीचा फोटो मागा

सावंतवाडीच्या एका हौशी फोटोग्राफरला पावसाआधी आंबोलीसाठी मॅक्रोचं, म्हणजे बारीक जिवांचे जवळून मोठे फोटो काढायचं, सामान हवं होतं. मुंबईतल्या एका दुकानानं फोनवरच सेट जमवून दिला: वापरलेली निकॉन डी५३०० बॉडी, १८-५५ ची किट लेन्स, टॅमरॉनची ९० मि.मी. मॅक्रो, चार क्लोज-अप फिल्टर (लेन्सपुढे लावायची भिंगं), ट्रायपॉड आणि बॅग. सगळं मिळून ४१,००० रुपये. पार्सल आलं आणि ९० ची लेन्स ऑटोफोकसच करेना. दुकानदार म्हणाला, "प्रवासात मोटर बसली असेल. पाठवून द्या, साडेतीन हजारांत करून देतो." लेन्स गेली, 'दुरुस्त' होऊन आली, तरी ढिम्म. येणार कशी ताळ्यावर? त्या लेन्समध्ये मोटर नव्हतीच.

टॅमरॉनच्या ९० मि.मी. एफ/२.८ ची २७२ई ही आवृत्ती निकॉनसाठी आधी बिनमोटरची निघाली आणि नंतर मोटर बसवलेली. पहिली लेन्स फोकसिंगसाठी बॉडीतल्या मोटरवर अवलंबून असते. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांत, तसंच डी४० आणि डी६० मध्ये ही मोटर नाही. डी९०, डी३००, डी७५० आणि डी७००० मालिकेत आहे. निकॉनची स्वतःची एएफ मायक्रो ६० मि.मी. एफ/२.८डी आणि टोकिनाची जुनी १०० मि.मी. एटी-एक्स प्रो डी यांचीही हीच गत. झेड मालिकेचा मिररलेस कॅमेरा घेऊन जुन्या लेन्स जोडणारा एफटीझेड अडॅप्टर लावू म्हणाल, तर त्यातही मोटर नाही.

ओळखायला लेन्स उलटी धरा. माउंटच्या, म्हणजे बॉडीला जोडायच्या बाजूच्या, धातूच्या कड्यावर खाच असलेला छोटा स्क्रूसारखा तुकडा दिसला, की ती लेन्स बॉडीच्या मोटरवर चालणारी. निकॉनच्या लेन्सवर 'एएफ-एस' असेल तर मोटर आत आहे. पार्सलनं घेत असाल तर माउंटच्या बाजूचा स्पष्ट फोटो आधी मागवा. तो द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

आता खरं सांगायचं तर १:१ ला (सेन्सरवरची प्रतिमा वस्तूएवढी) ऑटोफोकसचं फारसं काम नसतं. रिंग एका जागी ठेवायची आणि कॅमेराच केसभर पुढे-मागे करत डोळा शार्प आला की क्लिक करायचं. त्यामुळे बिनमोटरची ९० म्हणजे भंगार नव्हे, मॅक्रोसाठी ती आजही उत्तम काच आहे. फसवणूक दोन ठिकाणी झाली. मोटरवाल्या लेन्सचा भाव बिनमोटरवालीला लावला, आणि जी वस्तू नाहीच तिच्या दुरुस्तीचे पैसे घेतले.

त्या सेटमधले फिल्टर हा वेगळाच विनोद. +१, +२, +४ आणि +१० डायॉप्टरच्या (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या ताकदीचं माप) एकेरी काचा, ५२ मि.मी. आट्याच्या. ९० च्या लेन्सचा आटा ५५ चा, म्हणजे मॅक्रो लेन्सला ते बसतच नाहीत. किट लेन्सला बसतात, पण मिळतं काय? फोकस अनंतावर ठेवून हिशोब सोपा आहे: मि.मी.मधली फोकल लेंग्थ गुणिले डायॉप्टर भागिले हजार. ५५ वर +४ लावला तर ०.२२. +१० नं ०.५५ पर्यंत जाता येतं, पण एकेरी काचेमुळे कडांना जांभळी-हिरवी किनार येते आणि कोपरे विरघळतात. याउलट रेनॉक्स डीसीआर-२५० हे ८ डायॉप्टरचं जोडभिंग क्लिपनं ५२ ते ६७ मि.मी.च्या आट्यांवर बसतं. हाताशी टेलिझूम (दूरचं जवळ आणणारी झूम लेन्स) असेल तर २०० मि.मी.वर १.६ पट मोठेपणा मिळतो, आणि भिंगापासून किडा साधारण १२५ मि.मी.वर राहतो. स्वस्तात सुरुवात करायची तर हा मार्ग चारही फिल्टरांपेक्षा कितीतरी चांगला.

बिनसंपर्काच्या एक्स्टेन्शन ट्यूबही (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणाऱ्या पोकळ नळ्या) अशाच गळ्यात मारल्या जातात. कॅननच्या ईएफ लेन्सचं अॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं छिद्र) विजेवर चालतं. पितळी संपर्क नसलेली ट्यूब मध्ये आली की ते पूर्ण उघडंच राहतं. निकॉनच्या जी लेन्सचं (अॅपर्चरचं कडं नसलेल्या) उलट: बॉडीचा खटका तिथवर पोचत नाही, अॅपर्चर बंद होऊन बसतं आणि व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार.

सगळ्यात जास्त खपणारी थाप मात्र झूम लेन्सची. ७०-३०० वर 'मॅक्रो' लिहिलेलं असतं. टॅमरॉनच्या त्या लेन्सवर १:२ असं प्रामाणिकपणे छापलेलंही आहे. मॅक्रोचा खटका १८० ते ३०० मि.मी. दरम्यान लागतो, पण १:२ ती देते ३०० मि.मी.ला, ०.९५ मीटरवर. क्रॉप बॉडी म्हणजे लहान सेन्सरची. विकणारा सांगतो, "क्रॉप बॉडीवर दीडपट होतं, म्हणजे वन-टू-वनच." दीडपट धरलं तरी पाऊणच होतं, आणि मुळात १:१ म्हणजे सेन्सरवर पडणारी प्रतिमा वस्तूएवढी. क्रॉपचा तिथे संबंध नाही.

यावर तोंडी वाद घालू नका. स्टीलची पट्टी ठेवायची, लेन्स सगळ्यात जवळच्या फोकसला लावायची, पट्टी फ्रेमच्या रुंदीला समांतर धरायची आणि फोटो काढायचा. खरी १:१ लेन्स असेल तर निकॉनच्या एपीएस-सी, म्हणजे क्रॉप, बॉडीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण २३.५ मि.मी. दिसतील, कॅननच्या एपीएस-सीवर सुमारे २२.३, फुल फ्रेमवर ३६, मायक्रो फोर थर्ड्सवर १७.३. निकॉनवर ४७ दिसले तर ती १:२ आहे. फोटो मोबाइलवरून आला असेल तर मूळ फाइलच मागा: डी५३०० ची पूर्ण फाइल ६००० बाय ४००० पिक्सेलची असते, त्याहून लहान म्हणजे कापलेली किंवा छोटी केलेली. फरक किती पडतो? सहा मि.मी.चा उड्या मारणारा कोळी १:१ ला अंदाजे १,५३० पिक्सेल व्यापतो, १:२ ला ७६५.

कॅननच्या १०० मि.मी.मध्ये अदलाबदल होते. जाहिरातीत फोटो २००९ च्या एल आयएस लेन्सचा, हातात येते जुनी साधी १०० यूएसएम. दोन्ही १:१ देतात, पण एलला तोंडाशी लाल कडं, ६७ मि.मी.चा आटा आणि बाजूला स्टॅबिलायझरचा (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेचा) खटका आहे. जुनीचा आटा ५८ आणि स्टॅबिलायझर नाहीच. झाकणावरचा आकडा पाहिला तरी समजतं, फक्त झाकण मूळचं हवं.

कोकणातून आणि मुंबईतून आलेल्या जुन्या लेन्समध्ये फंगस (बुरशी) सर्रास असते. वरून दिव्याखाली पाहिलं तर ती दिसत नाही. अॅपर्चर पूर्ण उघडून मागून मोबाइलचा टॉर्च टाका आणि समोरून तिरपं पाहा: कोळिष्टकासारखे फाटे दिसतील. 'साफ केलेली आहे' हे ऐकून निश्चिंत होऊ नका. काचेवरचं कोटिंग खाल्लं गेलेलं असू शकतं, आणि लेन्स उघडून पुन्हा बसवताना एखादी काच तिरकी बसली की फ्रेमची एक बाजू मऊ येते. भिंतीवर वर्तमानपत्र सपाट चिकटवून एफ/४ ला ट्रायपॉडवरून फोटो काढला की चार कोपऱ्यांतला फरक लगेच कळतो.

त्या ग्राहकाच्या पावतीवर 'कॅमेरा सेट – जुना' एवढंच होतं, खाली 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. पावतीवर बॉडी आणि लेन्स दोन्हींचे पूर्ण मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या, नाहीतर कुठली लेन्स बिघडली हेच सिद्ध होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष माल पावतीवरच्या मुदतीत, मुदत नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५. पण हे दुकानदाराला लागू. अॅपवर भेटलेल्या खासगी विक्रेत्याविरुद्ध ग्राहक आयोग कामाचा नाही, तिथे पोलिसांत किंवा दिवाणी न्यायालयात जावं लागतं. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, उशीर झाला की रक्कम गोठवणं अवघड होतं. आणि पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करून पिन टाकावा लागत नाही. तसं सांगणारा तुमचे पैसे काढून घेतोय.

समोरासमोर व्यवहार असेल तर उजेडाची वेळ ठरवा. पट्टी, टॉर्च, वर्तमानपत्राचं पान आणि आपलं मेमरी कार्ड घेऊन जा. निकॉनच्या मूळ जेपीईजीमधून शटर काउंटही (आजवर किती फोटो काढले त्याचा आकडा) वाचता येतो, म्हणून कार्डवरचे फोटो संगणकावर उघडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका, टोकनसुद्धा नाही.