स्टँडजवळच्या दवाखान्यात 13 महिन्यांत 53,950 रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

लिहायची लाज वाटतेय. पतसंस्थेत मी रोज लोकांचे हिशोब तपासतो आणि आईच्या औषधांचं बिल मात्र 13 महिने नीट बघितलं नाही. आईला शुगर आणि बीपी. स्टँडजवळचा दवाखाना, त्याला चिकटून मेडिकल, पुढचं तुम्हाला माहितीच आहे. महिन्याला औषधांचे 3,850 आणि तपासायचे 300.

कळायला हवं होतं ते पाडव्याच्या दिवशीच. ते मेडिकल बंद, गोळ्या संपलेल्या, मी चार दुकानं फिरलो आणि चौघांनी स्ट्रिप उलटसुलट बघून परत दिली. शेवटचे काका तर तोंडावर म्हणाले, "ही कंपनी बाहेर मिळायची नाही, तिथेच जा." बीपीची गोळी अख्ख्या गावात एकाच दुकानात कशी काय मिळते? एवढा साधा प्रश्न मला पडला नाही. उलट त्या मेडिकलच्या पोराला फोन करून सणाच्या दिवशी शटर उघडायला लावलं आणि वर त्याचेच उपकार मानले. आठवलं की अजून डोकं फिरतं.

विचारायचं होतं ना, असं म्हणणं सोपं आहे. एकदा विचारलं होतं, तर डॉक्टर म्हणाले, बाहेरून घेतलं आणि गुण आला नाही तर माझ्याकडे यायचं नाही. आई समोर बसलेली, काय बोलणार?

शेवटी भाऊजींनी स्ट्रिप वाचली. टेल्मिसार्टन-अ‍ॅम्लोडिपिन, ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन, रोसुव्हास्टॅटिन. याच घटकांच्या, तेवढ्याच ताकदीच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात महिन्याच्या 214 रुपयांत मिळाल्या, इथे मी 1,460 मोजत होतो. उरलेले 2,390 पावडरचा डबा आणि 'नसांच्या' कॅप्सूलचे. त्या खोक्यांवर मागे इंग्रजीत चक्क छापलंय की औषधी वापरासाठी नाही, आणि लायसन्स नंबर खाद्यपदार्थाचा. म्हणजे ते औषधच नव्हतं! खोकं उलटं करून वाचत जा. दुसऱ्या डॉक्टरांनी बी12 (नसांना लागणारं जीवनसत्त्व) तपासलं, नॉर्मल आलं, मग त्यांनी दोन्ही बंद केलं. स्वतःच्या मनाने मात्र एकही गोळी थांबवू नका.

मग तक्रार. सरकारी ऑफिसात तीन खेपा, तीन रजा. पहिल्यांदा साहेब नाहीत, दुसऱ्यांदा अर्ज दुसऱ्या टेबलावर, तिसऱ्यांदा साहेब भेटले आणि म्हणाले, "छापील किमतीपेक्षा जास्त घेतले का? नाही ना, मग आमचा विषय नाही." अहो, छापील किंमतच फुगवलेली आहे! सरकार कमाल किंमत ठरवतं ती मुख्यतः अत्यावश्यक यादीतल्या औषधांची, बाकीच्यांवर कंपनी सुरुवातीलाच वाटेल तो आकडा टाकते, नंतर वर्षाला 10 टक्क्यांच्या आत वाढवायचं एवढंच बंधन. डॉक्टरांनी जेनेरिक नावच, म्हणजे कंपनीचं नाही तर घटकाचं नाव, लिहायचं हा नियम ऑगस्ट 2023 मध्ये आला आणि त्याच महिन्यात स्थगित झाला, मग आमच्यासारख्यांनी जायचं कुठे? दुसऱ्या ऑफिसात सांगितलं, प्रतिज्ञापत्र आणा, सगळी बिलं जोडा.

आणि बिलं कुठायत? 13 पैकी 5 महिन्यांचीच पक्की, बाकी पेनाने आकडा लिहिलेल्या चिठ्ठ्या. बॅच नंबर असलेलं बिल पहिल्याच दिवशी मागा, आणि डॉक्टरांना चिठ्ठीवर घटकाचं नाव लिहून द्या म्हणा, तोंड वाकडं केलं तरी. ती 5 बिलं जोडून परत अर्ज दिलाय, पोचेचा शिक्का घेतलाय. दोन महिने झाले, उत्तर नाही.