विंचवाची लस: प्राझोसिनच्या जोडीला किती उपयोगाची?

लाल विंचवाच्या दंशावरचं प्रतिविष, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली विंचवाची लस, मुंबईच्या हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडून पावडरच्या कुपीत येते. कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राने किंवा तालुक्याच्या छोट्या रुग्णालयाने ती ठेवावी का, आणि ठेवली तर तिच्याकडून काय अपेक्षा धरावी, यासाठी हे परीक्षण. आमचं मत आधीच सांगतो. लस ठेवावी, पण प्राझोसिन या विंचूदंशावर आधीपासून वापरात असलेल्या गोळीच्या जागी नव्हे, तिच्या जोडीला. हे मत औषधाच्या खोक्यावरच्या मजकुरावरून बनवलेलं नाही. दोन उपचार शेजारी-शेजारी ठेवून केलेल्या चाचण्यांवरून बनवलं आहे, आणि त्यातली सर्वांत महत्त्वाची चाचणी कोकणातच, रायगड जिल्ह्यातल्या महाडला झाली.

जांभ्याचा गडगा, पावसाळ्यासाठी रचलेला लाकूडफाटा, पेंढ्याचे भारे, पडवीत काढून ठेवलेली चप्पल ही या विंचवाची ठिकाणं. त्याच्या विषामुळे नसांमधली सोडियमची दारं उघडी राहतात आणि शरीर स्वतःचीच अॅड्रेनालिनसारखी द्रव्यं भराभर रक्तात सोडत सुटतं. दरदरून घाम, लाळ, उलटी, गार पडलेले हातपाय, मुलग्यांमध्ये लिंगाचा ताठरपणा आणि धडधडणारी छाती ही त्याची लक्षणं. एवढ्यावर न थांबता फुप्फुसात पाणी झालं की जीवावर बेततं. डॉक्टर याच्या चार पायऱ्या धरतात: पहिलीत फक्त वेदना, दुसरीत वर सांगितलेली लक्षणं, तिसरीत फुप्फुसात पाणी, चौथीत कोसळलेला रक्तदाब.

पहिली पायरी नीट लक्षात घेतली नाही तर विंचवावरच्या कुठल्याही औषधाचं मूल्यमापन चुकतं. बरेच दंश, विशेषतः मोठ्या माणसांचे, वेदनेवरच थांबतात आणि ती वेदना काही तासांत, फार तर दिवसाभरात आपोआप ओसरते. म्हणून तर चिंचोका उगाळून लावणाऱ्याचा गुण येतो, मंत्र घालून विंचू उतरवणाऱ्याचाही येतो, आणि दवाखान्यात कुठलंसं इंजेक्शन घेतलेल्यालाही त्याच इंजेक्शनाने बरं वाटलं असं वाटतं. ज्यांना काहीच दिलं नाही ते किती वेळात बरे झाले, हे कुणी मोजलेलंच नसतं. तुलनेला दुसरा गट नसेल तर निसर्गाने केलेलं काम औषधाच्या खात्यावर जमा होतं.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1980च्या दशकात प्राझोसिन वापरायला सुरुवात केली. मूळची ही रक्तदाबाची गोळी. विषामुळे सुटलेली द्रव्यं रक्तवाहिन्या आवळतात, त्याच जागी ही गोळी अडसर घालते. पूर्वी गंभीर दंशाचे जवळपास 25 ते 30 टक्के रुग्ण दगावत, ते प्रमाण या गोळीनंतर एक टक्क्याच्या आसपास आलं. फरक इतका मोठा होता की गोळी न देता एक गट ठेवणं पुढे कुणाच्याच सदसद्विवेकाला मान्य झालं नसतं. पण ही 'आधी आणि नंतर' अशी तुलना आहे. त्याच काळात रुग्ण लवकर आणले जाऊ लागले असतील, देखरेख सुधारली असेल, त्याचाही वाटा त्या आकड्यात मिसळलेला असू शकतो. प्राझोसिनवर आमचा भरवसा पूर्ण आहे, मात्र पुराव्याचा हा प्रकार कोणता, हे माहीत असलेलं बरं.

आता लशीकडे येऊ. प्राझोसिन विषाचा परिणाम अडवते, विषाला हात लावत नाही. लस रक्तात फिरणाऱ्या विषाला चिकटून ते निकामी करते. मग दोन्ही दिल्या तर एकटीपेक्षा जास्त फायदा होतो का? याच प्रश्नासाठी महाडला घेतलेली चाचणी 2011 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात दुसऱ्या पायरीवरचेच 70 रुग्ण घेतले. वेदनेवर थांबलेले घेतले नाहीत, कारण ते तसेही बरे होतात. फुप्फुसात पाणी झालेलेही घेतले नाहीत. चिठ्ठ्या टाकल्यासारख्या यादृच्छिक पद्धतीने 35 जणांना लस आणि प्राझोसिन, 35 जणांना फक्त प्राझोसिन. कोणाला काय मिळणार हे डॉक्टरच्या मनावर सोडलं असतं तर जास्त घाबरलेल्या, जास्त आजारी मुलालाच लस टोचली गेली असती आणि लस उगाचच नापास झाली असती. कोणत्या निकषावर यश मोजायचं हेही स्पष्ट होतं: दहा तासांनी घाम, लाळ, गार हातपाय, नाडी आणि रक्तदाब ही सगळी लक्षणं निवळली का?

निकाल असा: दोन्ही औषधं मिळालेल्या 35 पैकी 32 जण दहा तासांत पूर्ण निवळले, फक्त प्राझोसिनवाल्या 35 पैकी 8. बरं व्हायला लागलेला सरासरी वेळ 8 तास विरुद्ध 17.7 तास. हा फरक योगायोगाने पडेल इतका लहान नाही. रक्तदाब उतरण्याचं प्रमाण लस मिळालेल्या गटात कमी दिसलं, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही, म्हणून त्याचा गाजावाजा करू नये. पुदुच्चेरीत फक्त मुलांवर झालेल्या, 2014 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीचा कलही याच दिशेचा आहे.

महाडच्या चाचणीच्या मर्यादाही तितक्याच ठळक सांगायला हव्यात. रुग्णाला काय दिलंय हे डॉक्टरांना माहीत होतं. आंधळी चाचणी नव्हती. नाडी आणि रक्तदाब यंत्र मोजतं, पण 'हातपाय आता उबदार झाले' हे शेवटी माणूसच ठरवतो, आणि त्या माणसाचा लशीवर विश्वास असेल तर तासभर इकडेतिकडे होऊ शकतं. इतका मोठा फरक केवळ त्यामुळे पडला असेल असं आम्हाला वाटत नाही. 70 रुग्णांवरून मृत्यू कमी होतात की नाही हे सांगता येत नाही, कारण प्राझोसिनमुळे ते आधीच इतके कमी झालेत की फरक दाखवायला कितीतरी पट रुग्ण लागतील. म्हणजे या लशीने सिद्ध केलेली गोष्ट वेग आहे, आणि तीही दुसऱ्या पायरीवर. फुप्फुसात पाणी झालेल्या रुग्णासाठी तिचा उपयोग या चाचणीने दाखवलेला नाही.

ट्युनिशियात झालेल्या, 1999 साली लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत 825 रुग्णांवर लस आणि औषध नसलेलं दिखाऊ इंजेक्शन (प्लासिबो) यांची तुलना झाली, आणि विंचू चावलेल्या सरसकट प्रत्येकाला लस देण्यात काही फायदा दिसला नाही. अमेरिकेतल्या अॅरिझोनात 2009 साली प्रसिद्ध झालेल्या आंधळ्या चाचणीत मुलं होती अवघी 15, पण सगळी अतिदक्षता विभागातली. लस मिळालेली आठच्या आठ चार तासांत निवळली, न मिळालेल्या सातांपैकी एकच. विंचवाच्या जाती वेगळ्या, लशी वेगळ्या, हे खरंच. पण मोठा वाटा रुग्णनिवडीचा आहे. हलके दंश मिसळले की चांगलं औषधही निरुपयोगी दिसतं. कोकणातल्या केंद्रासाठी याचा अर्थ सरळ आहे: नुसती वेदना असलेल्याला लस टोचू नये. कुपी वाया जाते आणि घोड्याच्या रक्तातून बनवलेल्या औषधाच्या अॅलर्जीचा धोका विनाकारण अंगावर घेतला जातो.

या धोक्याबद्दलही तुलनात्मक चाचणी उपलब्ध आहे, मात्र ती सर्पदंशाच्या लशीची. श्रीलंकेत 1,007 रुग्णांवर झालेली ही चाचणी 2011 साली प्रसिद्ध झाली. लस सुरू करण्याआधी कातडीखाली दिलेल्या 0.25 मिलिग्रॅम अॅड्रेनालिनने तीव्र प्रतिक्रिया पहिल्या तासात 43 टक्क्यांनी कमी झाल्या. हायड्रोकॉर्टिसोन आणि प्रोमेथाझिन या अॅलर्जीवरच्या नेहमीच्या औषधांनी काही साधलं नाही. अनेक ठिकाणी आजही या दोन इंजेक्शनांवरच निर्धास्त राहतात. पण हा निष्कर्ष विंचवाच्या रुग्णावर जसाच्या तसा चिकटवू नये. त्याच्या अंगात अॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा आधीच पूर आलेला असतो, त्यात आगाऊ आणखी भर नको. प्रत्यक्ष तीव्र अॅलर्जी झाली, घसा आवळला, अंगावर गांधी उठून रक्तदाब उतरला, तर लस थांबवून मांडीच्या स्नायूत अॅड्रेनालिनच द्यायचं: मोठ्यांना 0.5 मिलिग्रॅम, मुलांना किलोमागे 0.01 मिलिग्रॅम. कुपी फोडण्याआधीच ते सिरिंजमध्ये भरून ठेवावं. कातडीत थोडी लस टोचून घेतलेली चाचणी अॅलर्जीचा भरवशाचा अंदाज देत नाही आणि वेळ मात्र खाते.

वापरताना लस तशी सोपी आहे. सोबतचं निर्जंतुक पाणी कुपीच्या काचेच्या कडेने सोडायचं आणि कुपी तळहातांमध्ये हळूहळू फिरवायची. घाईत खळाखळा हलवली की फेस धरते आणि मग तो बसेपर्यंत मात्रा नीट ओढता येत नाही. पूर्ण विरघळलेलं द्रावण स्वच्छ दिसतं. तंतू किंवा गाठी दिसल्या तर ती कुपी बाजूला. सलाइनमध्ये मिसळून शिरेतून सावकाश द्यायची, पहिली दहा-पंधरा मिनिटं रुग्णाजवळून हलायचं नाही. पावडर स्वरूपामुळे फ्रीजवर सगळी भिस्त राहत नाही, ही कोकणातल्या पावसाळी वीजपुरवठ्यात मोठीच सोय आहे. तरी लेबलवरचं तापमान पाळलंच पाहिजे, आणि पत्र्याच्या छपराखालचं कपाट त्यात बसत नाही.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो साठ्यात. फडताळात 'लस आहे' म्हणतात ती बहुतेकदा सर्पदंशाची एकत्रित (पॉलिव्हॅलंट) लस असते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या विषावरची ती लस विंचवाच्या विषाला काहीही करत नाही. दोन्हीची खोकी वेगळ्या कप्प्यात, मोठ्या मराठी अक्षरांत नाव लिहून ठेवावीत.

प्राझोसिनचंही असंच. बाजारात सहज मिळते ती हळूहळू औषध सोडणारी लांब पल्ल्याची गोळी. ती फोडून किंवा कुटून मुलाला देणं धोक्याचं आहे, दिवसभराचा डोस एकदम सुटतो. साधी 1 मिलिग्रॅमची गोळी मागवावी लागते. मुलांना किलोमागे 30 मायक्रोग्रॅम, हातपाय उबदार होईपर्यंत दर तीन तासांनी. दहा किलोच्या मुलासाठी हिशेब असा: एक गोळी 10 मिलिलिटर पाण्यात कालवायची, ढवळून लगेच त्यातलं 3 मिलिलिटर ओढायचं, ते 300 मायक्रोग्रॅम होतं. डोस दिल्यावर मूल आडवंच ठेवायचं. आई त्याला खांद्यावर घेऊन बाहेर फिरवायला निघते आणि तिथेच त्याचा रक्तदाब धाडकन उतरतो, म्हणून हे आधीच समजावून सांगावं. घाम आणि उलट्यांनी गेलेलं पाणी तोंडाने भरून काढावं. वेदनेसाठी दंशाच्या जागी अॅड्रेनालिनविरहित लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं इंजेक्शन, पुरतं. अॅट्रोपिनने लाळ आणि घाम आटतो, पण आधीच धावणारं हृदय आणखी धावतं, म्हणून ते टाळायचं.

मंडणगडच्या डोंगरातल्या किंवा पोलादपूरच्या घाटालगतच्या वाडीवरून मोठं रुग्णालय गाठायला लागणारा वेळ धरला तर आठ तास विरुद्ध जवळपास अठरा तास हा फरक खूप मोठा आहे. रात्री आलेलं मूल सकाळी हलवावं लागेल की घरी जाईल, हे त्यावर ठरतं. पण विष रक्तातून पेशींवर जाऊन बसण्याआधी लस पोचली तरच हा वेग मिळतो, उशिरा आलेल्याला कमी. त्यामुळे लस येईपर्यंत प्राझोसिन थांबवू नये. पहिला डोस पाड्यावरच्या उपकेंद्रातही डॉक्टरांच्या सल्ल्याने देता येतो, लस पुढच्या टप्प्यावर. श्वास लागला, खोकल्याबरोबर फेस आला, तर कुपीच्या शोधात न थांबता ऑक्सिजन लावून 108ची रुग्णवाहिका बोलवावी. दक्षिण सिंधुदुर्गातून गोव्याचं बांबोळीचं रुग्णालय जवळ पडतं. सोबतच्या चिठ्ठीवर दंशाची वेळ, प्राझोसिनच्या प्रत्येक डोसची वेळ आणि प्रमाण, लस दिली असल्यास कुपी किती व बॅच क्रमांक कोणता, आणि निघतानाचा रक्तदाब एवढं लिहिलेलं असावं.